धोंडुबाईला दिलेलं वचन

रविवार, ९ जानेवारी १९८३

ठरवलं. ईस्टरपर्यंत रोह्याला जायचं. नंतर बंद. कुणाला सांगायचं नाही, कारण द्यायचं नाही. नऊ माणसांची मंडळी आहे, आठ राहतील.

आज हैबतरावांच्या पुढच्या खोलीत उपासना झाली. गीतं मीच सुरू केली, प्रार्थनाही मीच केली. तोंड बोलत होतं आणि मी कुठेतरी बाजूला उभी राहून ऐकत होते – ही बाई काय छान बोलते! माझा नवरा शांतवन, त्याला जाऊन परवा सोळा महिने होतील. तेव्हापासून असंच. मंडळीपुढे शब्द येतात. घरी एकटी गुडघे टेकले की एकही येत नाही. कॅलेंडरवरचे आकडे वाचते आणि उठते.

कृष्णाबाई, हैबतरावांच्या पत्नी, चहाचा कप देताना म्हणाल्या, ‘बाई, तुमच्याकडं बघून आम्हाला बळ येतं हो.’ मी हसले. काय करणार दुसरं?

निघताना वचन. ही हैबतरावांच्या वडिलांपासूनची रीत – सलाम करण्याआधी प्रत्येकानं उजवीकडच्याचा हात धरून त्याला शास्त्रातलं एक वचन द्यायचं. माझ्या उजवीकडे धोंडुबाई. पेणची एसटी चुकेल म्हणून मी घाईत. ‘मी तुला एकटी टाकणार नाही’ – एवढंच म्हटलं. ‘परमेश्वर म्हणतो’ हे लावायचंही राहिलं. धोंडुबाईंनी हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मी सोडवून घेतला.

धोंडुबाई खाडीकडच्या, मिठागरावर कामाला. मिठानं त्यांचे पाय चिरतात. शांतवन दवाखान्यात कंपाउंडर होता, तो त्यांना पट्ट्या बांधायचा. तो गेल्यावर दोन महिन्यांनी एकदा दारात उभ्या राहिल्या – ‘दादा जी गानी बोलायचा, ती कुठं बोलतात गो बाय?’ तेव्हापासून दर रविवारी एसटीत माझ्या शेजारी. बाप्तिस्मा नाही, अक्षरओळख नाही. येतात, ऐकतात, भाकरी टाकायच्या वेळेला घरी परततात.

सोमवार, १० जानेवारी

शाळा. पाचवीच्या वह्या. प्रार्थना नाही.

रविवार, १६ जानेवारी

गेले नाही. ताप आहे असा निरोप धाडला – खोटा! ईस्टरपर्यंतसुद्धा धीर निघाला नाही.

संध्याकाळी धोंडुबाई आल्या. पदरात वालाच्या शेंगा. स्टँडवर दोन गाड्या सोडल्या म्हणे माझ्यासाठी, मग एकट्याच रोह्याला जाऊन आल्या. उंबरठ्यातच माझ्या कपाळावर हात ठेवला. खरखरीत, जाड हात. ‘थंड हाय,’ म्हणाल्या. शेंगा ओतून गेल्या.

त्यांच्या उजव्या डोळ्यात बुबुळावर पांढरं दिसतं हल्ली. उंबरठाही चाचपून ओलांडला.

रविवार, २३ जानेवारी

गेले नाही. निरोपही नाही. कपडे भिजवले, धुतले, वाळत घातले. दिवस किती मोठा असतो रविवारचा!

गुरुवार, २७ जानेवारी

हैबतरावांचं पोस्टकार्ड. ‘आपण खंबीर आहात, परमेश्वर आपले साहाय्य करीलच.’ खाली अध्याय आणि वचनाचा आकडा.

खंबीर! पहिले पंधरा दिवस सगळे आले. रडले, डबे आणले. मग एका रविवारी मी न रडता गीत म्हटलं आणि त्या दिवसापासून मी खंबीर झाले. पुन्हा कुणी विचारलं नाही. खंबीर माणसाला काय विचारायचं?

कार्ड फाडणार होते. फाडलं नाही. डब्याखाली ठेवलं.

शनिवार, २९ जानेवारी

काळुराम आला होता – धोंडुबाईंचा नवरा. आत या म्हटलं तरी पायरीवरच बसला. गावात डोळ्यांचं शिबिर लागलंय. धोंडुबाईंच्या डोळ्यात मोतीबिंदू, पिकलाय म्हणाले डॉक्टर. मंगळवारी ऑपरेशन. आता नाही केलं तर डोळा जाईल, आणि दुसराही त्याच वाटेवर आहे.

‘आनि ती नाय बोलते,’ काळुराम म्हणाला. ‘मी बोल्लो, चल तुला हमरापूरला नेतो. तिकडं गणपतीचे डोले आखतात, तुझे पन आखून देतील. अर्ध्या घंट्याचा काम! तर मलाच शिव्या.’

मी हसले. तो नाही हसला.

‘बाई आल्या तर जाईन बोलते. बाईनी मना वचन दिलाय, बोलते. हात धरून दिलाय. एकटी टाकनार नाय म्हनून.’

मला आधी कळेच ना. मग एकदम कळलं आणि कानशिलं तापली. मी समजावून सांगितलं – अहो, आमच्याकडे वचन म्हणजे शास्त्रातलं वाक्य. ते देवाचं असतं. देव म्हणतो, मी एकटी टाकणार नाही. मी नाही म्हणत.

काळुरामनं विचारलं –

‘पन तोंड कोनाचा व्हता?’

‘माझं.’

‘हात?’

‘माझाच.’

‘मग देव काय मंगलवारी एस्टीनं येनार हाय?’

चेष्टा नव्हती त्याच्या आवाजात. खरंच विचारत होता. बघते म्हटलं. तो गेला.

रविवार, ३० जानेवारी

रोह्याला गेले नाही. पण आज कपडेही धुतले नाहीत. नुसती बसले.

शांतवन आजारी होता तेव्हा एकवीस दिवस वचनं आली. पोस्टकार्डांवर, निरोपांतून, दारातून. मी मोजत होते, कोण किती वेळ बसतं. रागच होता तो. अजून आहे. सगळ्यांनी देवाचं सांगितलं, आणि स्वतः परत गेले.

पण मग आठवलं. मागच्या पावसाळ्यात कृष्णाबाईंची आई वारली. मी काय केलं? पोस्टकार्ड. अध्याय, आकडा, ‘आपली बहीण’. टपालपेटीत टाकलं आणि सुटले. पेण ते रोहा – दर रविवारी जात होते, पण दहा मिनिटं त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले नाही. त्यांनी चहा दिला, मी प्याले!

आम्ही सगळेच एकमेकांना वचनं देतो आणि पाळायचं काम देवावर सोपवतो.

धोंडुबाईंची चूक झाली हे खरं. पण ती चूक मला दिवसभर दुरुस्त करता आली नाही.

सोमवार, ३१ जानेवारी

किरकोळ रजेचा अर्ज दिला. चार दिवस. मुख्याध्यापकांनी विचारलं, कोण आजारी? मी म्हटलं, घरचं माणूस.

मंगळवार, १ फेब्रुवारी

झालं ऑपरेशन!

बाहेरच्या बाकावर ओळीनं म्हाताऱ्या बसवल्या होत्या, प्रत्येकीच्या कपाळाला चिकटपट्टी, पट्टीवर नाव. धोंडुबाई टोकाला. मला बघून म्हणाल्या, ‘आलीस?’ एवढंच. मग माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

त्यांच्या आधी दोघी राहिल्या तेव्हा म्हणाल्या, ‘आता ती परार्थना बोल.’

मी तोंड उघडलं आणि – काही नाही. ते सगळं सवयीचं, ‘हे स्वर्गीय बापा’पासूनचं, कुठं गेलं कोण जाणे. बाजूच्या म्हाताऱ्या बघायला लागल्या. काळुराम बघायला लागला. शेवटी म्हटलं – ‘देवा, या धोंडुबाई. यांना भीती वाटते. मलाही वाटते. यांचा डोळा सांभाळ. आम्ही इथंच बसलोय.’

संपलं. आमेन म्हणायचंही सुचलं नाही. काळुराम म्हणाला, ‘बरा झाला. समजला तरी.’

सोळा महिन्यांत खरी अशी ही पहिलीच. देवानं ऐकली की नाही माहीत नाही. मी ऐकली.

बुधवार, २ फेब्रुवारी

दोन्ही डोळ्यांवर पट्टी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. चमच्यानं पेज भरवते.

शेजारच्या खाटेवर गडबच्या सीताबाई आहेत, त्यांच्याही डोळ्यांवर पट्टी. दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही, पण सकाळपासून जुंपलेली.

‘काय गो मीठवाले, डोल्यात मीठ गेला का तुझ्या?’

‘तुझ्या भातात परतो तोच मीठ हाय ह्यो. खातेस ना?’

नर्स ओरडली, बोलू नका. दोघी गप्प. दोन मिनिटांनी पुन्हा सुरू.

दुपारी धोंडुबाई शांतवनचं सांगायला लागल्या. पट्टी बांधताना तो गीत म्हणायचा आणि सूर असा लागायचा की पायाचं दुखणं विसरायला व्हायचं. ‘दादाचा गला म्हंजे फुटका पोंगा गो! मी बोल्लू, दादा, पट्टी नको, तू गाना थांबव, मी बरी हाय.’

मला हसू आलं. खरंच होतं ते – किती बेसूर गायचा! मी हसता हसता रडायला लागले, रडता रडता पुन्हा हसले. नर्स आली ती माझ्यावरच – ‘तुम्ही शिकलेल्या ना बाई? पेशंटला हसवता?’

त्याच्याबद्दल सोळा महिन्यांत माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं. सगळे ‘प्रभूकडे गेला’ म्हणतात. बेसूर गायचा, हे कुणी म्हणत नाही.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

हैबतराव आणि कृष्णाबाई! पहिल्या गाडीनं रोह्याहून. डबा, थर्मास, गीतांचं पुस्तक. धोंडुबाईंनी काळुरामकरवी निरोप धाडला होता म्हणे. मला पत्ता नाही.

हैबतराव धोंडुबाईंपाशी बसले. मी आणि कृष्णाबाई व्हरांड्यात. त्यांनी डबा उघडला आणि सुरू केलं, ‘बाई, तुमचा विश्वास बघून –’

मी म्हटलं, ‘कृष्णाबाई, मला प्रार्थना येत नाही. शांतवन गेल्यापासून. मी तुम्हाला फसवलंय.’

त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला. मला वाटलं, आता आकडा येणार. अमुक अध्याय, तमुक वचन.

‘मग सांगायचं नाही का गं!’ त्या एकदम अगंतुगंवर आल्या. ‘आम्ही आपलं तुझ्या तोंडाकडं बघून चाललोय.’ मग खाली मान घालून, ‘आई गेल्यावर मीसुद्धा तीन महिने नुसते ओठ हलवत होते. तुला कसं सांगणार? तू एवढी खंबीर.’

मी त्यांची माफी मागितली. त्या पोस्टकार्डाबद्दल. त्या म्हणाल्या, ‘ते मी जपून ठेवलंय. पण तू आली असतीस तर बरं वाटलं असतं.’ सरळ म्हणाल्या. तेही बरं वाटलं.

मागे हैबतराव केव्हा येऊन उभे राहिले कळलं नाही. घसा खाकरून म्हणाले, ‘मी वर्षभर प्रार्थना वहीत लिहून आणतो. पाठ करतो. नाहीतर येत नाही.’ कृष्णाबाई म्हणाल्या, ‘अहो, ती वही मला ठाऊक आहे.’

चाळीस वर्षं शास्त्र वाचणारा माणूस. आणि कान लाल!

नऊ माणसं एकमेकांना टेकून उभी होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं, बाकीचे भिंतीला टेकलेत. रोज एकमेकांना धीर द्या असं शास्त्रात सांगितलंय ते मी कितीदा शिकवलंय. मला वाटायचं, ते दुबळ्यांसाठी आहे आणि द्यायचं काम माझं. ‘एकमेकांना’ हा शब्द मी कधी नीट वाचलाच नव्हता. त्यात मीही येते – घेणारी म्हणून.

हैबतरावांनी जाताना काळुरामचं ‘देव काय एस्टीनं येनार हाय?’ ऐकलं. (काळुरामनंच सांगितलं, अभिमानानं.) गाडीत चढताना म्हणाले, ‘बाई, यापुढं ज्याला वचन द्यायचं, त्या आठवड्यात त्याच्या घरी पाय लागला पाहिजे. नाहीतर देऊ नये.’

मंगळवार, ८ फेब्रुवारी

पट्टी सुटली. शाळा सुटल्यावर धावत गेले. डॉक्टरांनी बोटं दाखवली – तीन. ‘तीन,’ म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. डोळ्यांतून पाणी, पापणी अर्धी उघडी.

‘तुजे केस पांढरे झाले गो बाय!’

परमेश्वरा, तुझे आभार. (हे लिहिताना थांबावं लागलं नाही.)

रविवार, २० फेब्रुवारी

एसटीत मी आणि धोंडुबाई. जाड काळा चष्मा, ऐटीत. वडखळ, गडब, नागोठणे – प्रत्येक पाटी दाखवून ‘ह्यो काय लिवलाय?’

उपासनेत गीतं कृष्णाबाईंनी सुरू केली. मी मागे बसून म्हटली. मला प्रार्थनेला उभं राहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आज माझ्यासाठी कुणीतरी करा. मग पाचजण एकदम बोलायला लागले! हैबतरावांनी वही काढली नाही. अडखळले, दोनदा थांबले, एकदा नाक शिंकरलं. अशी प्रार्थना मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

ईस्टरनंतरचा बेत रद्द. लिहून ठेवते, म्हणजे मला मोडता येणार नाही.

रविवार, २७ फेब्रुवारी

परतीच्या गाडीत मला राहवेना. किती दिवस खुपत होतं. म्हटलं, धोंडुबाई, खरं सांगते, त्या दिवशी मी दिलेलं वचन माझं नव्हतंच. आमच्यात वचन म्हणजे –

‘शास्त्रातला वाक्य,’ त्या म्हणाल्या. ‘कृष्णाबाईनी मना पयल्याच ऐतवारी सांगितला व्हता.’

मी म्हटलं, ‘मग काळुरामना तसं का सांगितलंत?’

‘भ्या वाटला व्हता, ता खराच. पन डोला मी कवाबी कापून घेतला असता गो,’ चष्मा पुसत म्हणाल्या. ‘तुला घराभायेर कसा काढायचा व्हता?’