शिलोहाची चिठ्ठी

६ नोव्हेंबर १९८७, शुक्रवार

कंपनीची साप्ताहिक सुट्टी. अख्खा दिवस मोरिवलीत, आपल्या प्रार्थनागृहाच्या छपरावर. पत्रे पेलणाऱ्या लोखंडी कैच्या चार झाल्या, पाच बाकी. पाळकसाहेबांनी (पुढे नुसतं पा.सा. लिहीन, लांब पडतं) रविवारी सगळ्या मंडळीपुढे जाहीर करून टाकलं, यंदाचा नाताळ स्वतःच्या छपराखाली! सांगायला काय जातं. शिडीवर चढायचं मला. वेल्डिंग येणारा मंडळीत मी एकटा.

दुपारी एस्तर डबा घेऊन आली. खालून म्हणाली, "अहो, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय मला. कपाळ पण ठणकतंय." मी वरूनच ओरडलो, "नंबर वाढला असेल, बघू." आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. तेही बोललो. गप्प बसता येत नाही मला.

१० नोव्हें., मंगळवार

पहिल्या पाळीनंतर हिला घेऊन उल्हासनगर, कॅम्प चार. चष्मेवाला सिंधी, म्हातारा, ओळखीचा. बॅटरी मारून बराच वेळ बघितलं. मी म्हटलं, साईं, नंबर सांगा. त्याने बॅटरी बंद केली. "ये चष्मे का काम नहीं है. आँख के अंदर प्रेशर है. बंबई ले जाओ, बड़े अस्पताल. इसी हफ़्ते. टालना मत." चिठ्ठी लिहून दिली. तपासायचे पैसे घेतले नाहीत.

पण या शुक्रवारी क्रेन येणार. बारा जणांनी रजा टाकल्यात. मी नसेन तर कैच्या वर चढणार नाहीत, आणि क्रेन पुन्हा महिनाभर नाही.

येताना एस्तर म्हणाली, "उद्या वचन काढू. देव सांगेल तसं करू."

११ नोव्हें.

लिहून ठेवतो. निदान या वहीशी तरी खोटं नको.

वचनांचा डबा माझ्या सासऱ्यांचा. आप्पा नगरकडे खेडोपाडी उपदेशक होते. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर मुंगीच्या अक्षरात तीनशे वचनं, बिस्किटाच्या डब्यात. एस्तर रोज चहानंतर डोळे मिटून एक चिठ्ठी काढते, दिवसभर तेच वचन धरून चालते. काढलेली वेगळ्या पिशवीत. डबा रिकामा झाला की सगळ्या परत आत. मोठं काही ठरवायचं असलं की प्रार्थना करून काढते आणि निघेल ते ऐकते. आमच्या निर्मलाला नर्सिंगला मिरजेला पाठवायचं, तेही असंच ठरलं. मी कधी हसलो नाही, पण मनापासून मानलंही नाही.

आज काढली. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. मग माझ्या हातात दिली. "मला नाही दिसत हो. तुम्ही वाचा."

योहान, नववा अध्याय. आंधळ्याला प्रभू सांगतो, जा, शिलोहाच्या तळ्यात धू. एवढंच. आता याहून स्पष्ट काय सांगायचं देवाने? पहिलाच शब्द 'जा'.

आणि मी वाचलं: "आपल्या ठिकाणी स्वस्थ राहा, मी स्वतः तुझ्या दाराशी येईन."

कुठून आलं तोंडात कोण जाणे. घडाघडा वाचलं, अडखळलो पण नाही. एस्तर म्हणाली आमेन. "कुठलं हो?" म्हटलं, यशया. सहासष्ट अध्याय आहेत, कोण शोधतंय.

तिचा चेहरा इतका निवांत झाला की वाटलं, यात वाईट काय? नाताळ झाला की लगेच नेतो. सहा आठवड्यांनी काय बिघडतंय.

चिठ्ठी शर्टाच्या खिशात. पिशवीत टाकायची हिंमत झाली नाही.

२० नोव्हें., शुक्रवार

गेल्या आठवड्यात सगळ्या कैच्या चढल्या. आज त्यांवरच्या आडव्या पट्ट्या. पा.सा. मला बसालेल म्हणाले, मोशेचा मंडप उभारणारा कारागीर. सगळे हसले. मला आवडलं, खोटं कशाला बोलू.

घरी आलो तर एस्तर ओकत होती. उजवा डोळा लालभडक. जाऊया का उद्या, म्हटलं. खरंच म्हटलं. "नको, उतरेल. वचन दिलंय ना त्याने, मग घाबरायचं कशाला?" माझंच वचन मला सांगत होती. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. सकाळपर्यंत उतरलं.

४ डिसें.

पत्रे बसले. खालून बघितलं, एक थेंब उजेड येत नाही. छाती फुगली.

२५ डिसें.

नाताळ शुक्रवारीच, म्हणजे कंपनीची सुट्टी फुकट. उपासना नव्या छपराखाली. बदलापूर, उल्हासनगरहूनही मंडळी आली. माझं नाव घेऊन आभार मानले, टाळ्या झाल्या.

एस्तर शेजारी उभी, गीताचं पुस्तक उघडून मोठ्याने म्हणत होती. माझी नजर गेली. पुस्तक उलटं होतं. ती सगळं पाठ म्हणत होती.

बाहेर पाळकबाईंनी हात पुढे केला. हिचा हात त्यांच्या हाताच्या बाजूने गेला, हवेत. बाई हसल्या, त्यांना वाटलं घाई.

४ जानेवारी १९८८

मुंबई. काचबिंदू. उजवा डोळा गेला. परत येणार नाही. डावा औषधावर टिकेल, रोज दोन वेळा थेंब, आयुष्यभर.

डॉक्टर तरुण होते, चिडले. चष्मेवाल्याच्या चिठ्ठीवरची तारीख वाचून म्हणाले, "दोन महिने काय करत होता?" मी छप्पर करत होतो हे कसं सांगणार. एस्तरच बोलली, "डॉक्टर, देवाने थांबायला सांगितलं होतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. असं मला आयुष्यात कोणी बघितलेलं नाही.

कंपनीत नवीन होतो तेव्हा वेल्डिंगचा आर्क लागून माझे डोळे सुजायचे. ही बटाट्याच्या चकत्या ठेवत बसायची, गरम झाली की दुसरी, गरम झाली की दुसरी. मला आज तेच आठवत होतं.

१४ फेब्रु., रविवार

भगिनी मंडळात एस्तरने साक्ष दिली. एक डोळा गेला, पण त्या वचनाने मनाला आधार दिला, म्हणाली. बायका रडल्या. बदलापूरच्या मार्थाबाईंनी ते वहीत उतरवून घेतलं, बाहेर येऊन मला विचारतात, "शमुवेलभाऊ, यशया कितवा अध्याय?"

म्हटलं, बघून सांगतो.

३ एप्रिल

मार्थाबाईंनी ते भरतकाम करून आणलं. लाल रेशमात, भोवती द्राक्षांची वेल. खाली नुसतं 'यशया', पुढे जागा मोकळी. पा.सा. बाहेरगावी होते, तर बायकांनी भिंतीवर लावूनही टाकलं. माझ्या छपराखाली, माझं खोटं, काचेच्या चौकटीत. खिळा मारायला मलाच बोलावलं. मारला.

२९ सप्टें.

डबा आज रिकामा झाला. एस्तर पिशवीतल्या चिठ्ठ्या परत भरायला बसली, एक एक डाव्या डोळ्याशी धरून. सगळ्या भरून झाल्यावर पिशवी उलटी करून झटकली. आत हात घालून बघितला. "काय शोधतेस गं?" म्हटलं. "काही नाही," म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

माझ्यापाशी आहे, या वहीत, पानाला चिकटवलेली.

१७ मार्च १९८९

कंपनीत कायमची जनरल पाळी मागून घेतली. थेंब सकाळी सात, संध्याकाळी सात. चौदा महिन्यांत एकदा चुकलेलो नाही. सुपरवायझरची जागा येत होती ती पाळीपायी गेली. जाऊ दे. मला असं वाटतं की मी फेड करतोय, आणि लगेच वाटतं, कसली फेड? थेंब घालणं म्हणजे काय डोळा देणं आहे?

ती मान मागे टाकते, मी पापणी वर धरतो. चुरचुरतं, पण हूं की चूं नाही. दर वेळी मनात येतं, आता सांगतो. मग बाटलीचं झाकण लावतो.

११ ऑगस्ट १९९१

पा.सा. घरी आले, चहाला. म्हणाले, "शमुवेलभाऊ, भिंतीवरच्या त्या वचनाची मोकळी जागा भरावी म्हटलं. शब्दसूची पालथी घातली, सापडत नाही. यशयात नाही, कुठेच नाही."

एस्तर आत पोहे करत होती. कढईचा आवाज थांबला.

म्हटलं, "जुन्या भाषांतरात असेल. आप्पांच्या वेळच्या."

"असेल," म्हणाले. भला माणूस. खोटं बोलून बोलून माणूस किती पटकन बोलायला लागतो. एस्तरने पोहे आणून ठेवले, लिंबू पिळलेले.

पहाटे एकटाच चालत शिवमंदिरापर्यंत जाऊन आलो हल्ली चार-पाच वेळा. त्यांचे लोक पहाटे ओलेत्याने पाणी घालतात, मनातलं बोलतात, निघतात. मी नदीकाठी उभा राहून प्रभूला म्हणतो, तूच सांग ना तिला. माझ्याऐवजी. म्हणजे तिथेही चुकवाचुकवीच.

५ डिसेंबर १९९२

निर्मला आलीये, आता मिरजेत स्टाफ नर्स. आईचा डावा डोळा तपासून मला गॅलरीत घेऊन गेली. "बाबा, नजर आतून थोडी थोडी जातेय. औषधाने लांबेल, थांबेल असं नाही." मग म्हणाली, "तेव्हा तुम्ही तिला लगेच का नाही नेलंत? आईने हट्ट केला असणार ना? तिचं वचन आणि ती!"

होय म्हटलं. हे सगळ्यात वाईट. आजवरच्या सगळ्यात वाईट. मुलीसमोर आईवर ढकललं.

२ ऑक्टोबर १९९४, रविवार

आता तिला नुसता उजेड-सावली. प्रार्थनागृहात माझा दंड धरून येते. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन. उरलंय तेवढं टिकेल, कदाचित. बिघडलं तर तेही जाईल. नाही केलं तर सहा महिन्यांत अंधार. तुम्ही ठरवा, म्हणाले.

एस्तर म्हणाली, "वचन काढून ठरवू. निर्मला आली की."

१४ ऑक्टो.

निर्मला सकाळी आली. ठरवलंय, या वेळी जे निघेल तेच वाचायचं, एक अक्षर इकडे-तिकडे नाही. आणि त्याआधी सगळं सांगायचं, दोघींना. तीनदा सुरुवात केली. पहिल्यांदा दूधवाला आला. दुसऱ्यांदा नळाला पाणी आलं, दोन दिवसांनी आलेलं, सगळे धावले. तिसऱ्यांदा कोणीच आलं नाही, तरी नाही बोललो.

देवावर भरवसा ठेवा, असं मीच शब्बाथशाळेतल्या पोरांना शिकवतो. माझा कधी नव्हताच. असता तर तेव्हा म्हटलं असतं, छप्पर तो बघेल, मी डोळा बघतो. भरवसा तिचा होता. त्याच्यावर, आणि माझ्या वाचण्यावर.

१५ ऑक्टो., शनिवार

सकाळचे थेंब सातला. आता संध्याकाळ. जमेल तसं लिहितो.

चहानंतर एस्तर डबा मांडीवर घेऊन बसली. निर्मला म्हणाली, आई, मी वाचते. "नको. बाबा वाचतील. तू कंपाउंडरकडून बाटली आण जा, संपत आलीये." निर्मला गेली.

डबा उघडला नाही. झाकणावर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "या चिठ्ठ्या मी कापल्यात. दहा वर्षांची होते. आप्पा लिहायचे, मी कापायचे, आणि कापलेली प्रत्येक मला पाठ म्हणायला लावायचे. न चुकता म्हटली की गुळाचा खडा."

मी कप खाली ठेवला.

"आता दोनशे नव्याण्णवच आहेत. शिलोहाची नाही. सात वर्षं झाली, एकदासुद्धा निघाली नाही."

बाहेर कोणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. मी उठलो, ही वही काढली, पानावरून चिठ्ठी सोडवली. कोपरा फाटला. तिच्या तळहातावर ठेवली. तिने बोटाने कडा चाचपली, नाकाशी नेली. मी म्हटलं, "एस्तर, मी..." रडलो मी. पोरासारखा.

तिने रडू दिलं. मग चिठ्ठी माझ्याकडे धरली. "वाचा. आप्पांनी लिहिलंय तेच."

वाचलं. एक अक्षर इकडे-तिकडे नाही.

"हं," म्हणाली. "सोमवारी जाऊ ऑपरेशनला. आज दुसरी काढायला नको." आणि ती चिठ्ठी चाचपडत डब्यात टाकून झाकण लावलं.

मी विचारलं, "तुला कळलं कधी? डबा संपला तेव्हा? की त्याच सकाळी, मी वाचलं तेव्हाच?"

ती डबा उचलून आत गेली. त्याच सकाळी कळलं असेल, तर मग गप्प का राहिली? माझ्या छपरासाठी? हे आता तिला विचारायचं की त्याला, मला समजत नाही. दिवसभर तिच्यामागून फिरलो. तिने तांदूळ निवडले बोटांनी, निर्मलाशी गप्पा मारल्या, हसलीसुद्धा एकदा.

संध्याकाळी पुन्हा तेच विचारलं. म्हणाली, "अहो, सात वाजले असतील. थेंब."

बाटली घेऊन गेलो. तिने मान मागे टाकली, आणि दोन्ही डोळे माझ्यासाठी उघडे धरले.