आधी पाणी, मग नाव

प्रिय क्लेओमिस,

हे पत्र उघडलंस तसंच मिटून ठेव. ज्यानं आणलंय त्याला आधी आत घे, हातपाय धुवायला पाणी दे, प्यायला दे, घरात जे असेल ते पोटाला घाल. नाव, गाव काही विचारू नकोस. पाहुणा जेवल्याशिवाय त्याला नाव विचारायचं नाही, ही रीत तू थासोस बेटावर जाऊन विसरला असशील तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू? माणूस थकलेला आहे, एका पायानं लंगडतो, फारसा बोलत नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तो जेवला की मग सावकाश वाचायला बस. मी थांबतो.

जेवला? बरं. आता ऐक. तुझी आई ठणठणीत आहे. ही बातमी पहिल्यांदा सांगतो, कारण इथून पत्र आलं म्हटल्यावर तुझ्या काळजाचं पाणी झालं असणार. फिलिन्नाकाकूच्या गुडघ्यांनी संप केलाय, पण जीभ अजून तशीच चालते. परवाच मला म्हणाली, "दामाखोस, तुझा आवाज आता तेलाच्या घाण्यासारखा यायला लागलाय, गाणं सोड आणि घाणाच घाल." मी तिला सांगितलं की काकू, तुझा मुलगा इथं होता तेव्हा निदान एक माणूस तरी माझी तारीफ करायचा. त्यावर ती म्हणाली, "तो बहिरा होता लहानपणापासून." बघ, नऊ वर्षं झाली तरी तुझ्याबद्दल बोलताना ती असंच बोलते. तू बाजारात गेला आहेस आणि येताना मीठ आणायला विसरणार आहेस, असं.

मी मात्र तुझ्याबद्दल मोकळेपणानं बोलू शकत नव्हतो. गावात कुणीच नाही. तू पहाटेच्या होडीतून पळालास त्या दिवसापासून इथं तुझं नाव घेतलं की लोक आधी मागं वळून लाम्पितोस आसपास नाही ना ते बघायचे. तुला त्याची शपथ ठाऊक आहेच. धाकटा भाऊ आगेलोस चितेवर होता, सगळ्या नातलगांनी केस कापून त्याच्यावर वाहिले, आणि हा एकटा आपले खांद्यावर रुळणारे केस तसेच ठेवून उभा राहिला. क्लेओमिसचं रक्त सांडेन तेव्हाच कापीन, म्हणाला. आणि तोवर उत्सवात सगळ्यांबरोबर मांसाला हात लावणार नाही. आगेलोसच्या मरणाचं मूळ त्या मांसातच होतं ना. डुकराच्या पाठीचा मानाचा तुकडा, तो तुझा की त्याचा! काय रे तुम्ही दोघं! एवढ्याशा तुकड्यावरून तो तुला भित्रा म्हणाला, तू त्याला ढकललंस, आणि तो चुलीच्या दगडावर पडला तो उठलाच नाही. तुला मारायचं नव्हतं हे मी बघितलंय. पण तुझा हात थांबलाही नाही, हेही मी बघितलंय. तू माझा सगळ्यात जवळचा मित्र आहेस म्हणून लिहितो, नाहीतर लिहिलं नसतं.

तर लाम्पितोस. दरवर्षी उत्सवाला यायचा, सगळ्यांपासून लांब, जाळाकडे पाठ करून बसायचा, कमरेला तलवार. आणि मला निरोप पाठवायचा की त्या रागीट वीराचं गाणं गा. तू ते गाणं माझ्या बापाकडून कितीदा ऐकलंयस. त्यात माणसांना राग येतो आणि देवांचा कोप होतो, माणसांत फक्त त्या एकट्याच्या रागाला कोप म्हटलेलं आहे. मग काय, गावातले रिकामटेकडे लाम्पितोसच्या रागालाही कोप म्हणायला लागले. लाम्पितोसचा कोप असा, लाम्पितोसचा कोप तसा. त्याला ते आवडायचं. छाती अशी पुढं काढून चालायचा की समोरून येणारं गाढव बाजूला व्हायचं. एरिथ्राईवाल्यांशी लढाई झाली त्यात पुढच्या रांगेत उभा राहिला, गालावर वार घेतला, मांडीत भाला घेतला, पण हटला नाही. शूर आहे, त्याबद्दल वादच नाही. पण घरी आला की भिंतीकडे बघत बसायचा, असं त्याची बायको माझ्या बायकोला सांगायची.

गाणं अर्ध्यातच थांबवायचं, अशीही त्याची ताकीद होती. वीराच्या भावाला मारतात, त्याचा हात तलवारीच्या मुठीवर जातो, कोप होतो, बस. तिथं थांब. पुढचं गायचं नाही. मीही थांबायचो. काय करणार, मला याच गावात राहायचं होतं. पोरं मोठी झाली, त्यांना वाटतं गाणं एवढंच आहे.

या वर्षीचं आता सांगतो. उत्सव होता, माणूस मावत नव्हता, वारा समुद्रावरून येत होता आणि माझा घसा बसलेला. काठी टेकून उभा राहिलो आणि सुरू केलं. तुला ठाऊक आहे, आम्ही गाणारे शब्द शब्द आठवत नाही. एक ओळ पुढच्या ओळीला ओढून आणते, जीभ आपली आपण चालते, आपण नुसतं तिच्यामागून जायचं. आता त्या गाण्यात 'मुठीवर गेला हात, शिरा तटतटल्या' ही ओळ दोनदा येते. एकदा कोप होतो तिथं, आणि एकदा शेवटाकडे, नदीच्या काठावर. माझा बाप मला लहानपणी याच ओळीवर काठीनं मारायचा, "दोन वाटा आहेत इथं, गाढवा, बघून पाय टाक." तीस वर्षांत पाय कधी चुकला नव्हता. त्या दिवशी चुकला. मी ओळ म्हटली आणि जीभ सरळ नदीकाठच्या वाटेनं निघाली. कळलं तेव्हा मी पाण्यात गुडघाभर उतरलो होतो.

वीर भावाच्या मारेकऱ्याला शोधत शोधत नदीवर येतो. मारेकरी पाठमोरा बसून ओंजळीनं पाणी पितोय. वीराचा हात मुठीवर जातो, शिरा तटतटतात, तलवार अर्धी बाहेर येते. मारेकरी वळतो, एक तहानलेला वाटसरू बघतो, आणि ओंजळभर पाणी त्याच्यापुढे धरतो. एवढंच आहे ते. पण क्लेओमिस, आता माझी दोन्हीकडून कोंडी झाली. कोपापाशी एक प्रसंग पुरा होतो, तिथं थांबलं तर चालतं, पण देवाच्या पुढं प्रसंग मधेच तोडला तर गावावर संकट. आणि पुढं गायला गेलो तर संकट माझ्या एकट्यावर. कारण लाम्पितोस उठला होता. जाळाकडे तोंड करून, सगळ्या माणसांच्या मधून, माझ्याकडे येत होता, आणि त्याचा हात मुठीवर होता. कुणी हललं नाही. मी गातच राहिलो, पण आवाज कुठून येत होता ते मलाच कळेना. म्हटलं, दामाखोस, आटोपलं तुझं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं तुझी आई ओरडली. "लाम्पितोस! बस की रे खाली, मेल्या! भिंतीसारखा मधे उभा राहिलायस, आम्हाला ऐकू येत नाही."

नऊ वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली. तो थांबला. वळून तिच्याकडे बघितलं. तीही बघत होती, मान ताठ, डोळे असे की ज्याला मारायचं त्यानं खुशाल मारावं. मला तिचा हात दिसत होता, शेजारणीच्या मनगटाला घट्ट धरलेला. लाम्पितोसची तलवार अर्धी बाहेर आली होती, जाळाचा उजेड तिच्यावर पडला होता. मग त्यानं ती आत ढकलली. सावकाश, तळहातानं दाबून, जोर लावून, जणू आतून कुणी ती बाहेर रेटत होतं. आणि जिथं होता तिथंच, लोकांच्या मधे, जमिनीवर बसला. मला म्हणाला, "पुढं गा."

मी गायलो. शेवटपर्यंत. वीर पाणी पितो, तलवार म्यानात जाते, आणि कोपाचा साधा राग होतो, आणि रागाचं रडणं. आमच्या गावच्या पोरांनी ते पहिल्यांदा ऐकलं. संपल्यावर मांस वाटायला लागले. काकू काठी टेकत उठली, स्वतःच्या पानातला तुकडा घेतला आणि जाऊन त्याच्या हातात ठेवला. "कोप कसला डोंबलाचा," ती म्हणाली, "नऊ वर्षांचा उपाशी आहेस. खा." त्यानं खाल्लं. मान खाली घालून, पोरासारखं भराभर खाल्लं. मी तिकडं बघू शकलो नाही, तोंड फिरवून रडलो. आनंदानं की भीती ओसरली म्हणून, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात आला. मी ओळखलाच नाही, खरं सांगतो, मासेवाला समजून बायकोला हाक मारणार होतो. डोक्यावरचे केस पार कापलेले, कातरीनं वेडेवाकडे. आगेलोसच्या थडग्यावर केस ठेवून आला होता. एवढी वर्षं त्यानं भावासाठी शोकच केला नव्हता रे, नुसता राग सांभाळला होता. उंबऱ्यावर बसून त्यानं विचारलं, "ते पाणी देतो ना, तो ओळखतो का त्याला? कोण आलाय ते कळतं का त्याला?" मी म्हटलं, गाण्यात ओळखत नाही. "खरं सांग." मग खरं सांगितलं. मी गातो तेव्हा ओळखत नाही, पण माझा बाप गायचा तेव्हा ओळखायचा, आणि ओळखूनही हात पुढं करायचा. मला ते खोटं वाटायचं म्हणून मी बदललं. तो म्हणाला, "मला बघायचंय." बस, एवढंच. आगेलोसच्या बाजूनं तुला माफ करायचा हक्क असलेला तो एकटाच उरलाय. तो नाही म्हणाला तर तू जन्मभर थासोसची द्राक्षं तुडवत बसायचं, आणि तो हो म्हणाला तर तुला गावी परतायला कुणी अडवू शकत नाही. पण तोंडानं हो म्हणणं त्याला जमत नाही. नऊ वर्षं ताठ ठेवलेली मान वाकायला वेळ लागतो. म्हणून त्यानं मला सांगितलं, तू लिही.

आता कळलं ना तुला? नाही, दाराकडे जाऊ नकोस. भिंतीवरच्या भाल्याकडेही बघू नकोस, मला ठाऊक आहे तो तू कुठं टांगून ठेवला असशील. त्यानं तुझ्या घरचं पाणी प्यायलंय, तुझी भाकरी खाल्लीय. आता तो तुझा पाहुणा आहे आणि तू त्याचा यजमान, आणि तुमच्यापैकी जो कुणी हात उचलेल त्याला देव बघून घेतील. हे सगळं त्यानंच ठरवलं. मी म्हटलं, लाम्पितोस, तो घाबरून तुझ्यावर वार करेल. तो म्हणाला, "म्हणून आधी जेवू दे." त्याची होडी खाली वाळूवर आहे. जागा दोघांची आहे, येताना दुसरी तुझी. सांडलेल्या रक्ताच्या शुद्धीसाठी बळी द्यायला डुकराचं पिल्लू मी बघून ठेवलंय. काकूनं तुझं अंथरूण उन्हात टाकलंय आणि मीठ आणायला सांगितलंय. हे पत्र मी त्याला वाचून दाखवलंय, फक्त ही शेवटची ओळ सोडून, कारण हिचं उत्तर मला तुझ्याकडून हवंय. पाणी पुढं केलंस तेव्हा तू त्याला ओळखलंस का? खरं सांग. त्याप्रमाणे मी यापुढं गाणं गाईन.

तुझाच, अजूनही गाणारा,
दामाखोस