आडोशापलीकडचे शेजारी

सँडरबी, सोमवार

तीर्थस्वरूप बेरिलवन्सं,

नोराचा वाकून नमस्कार. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (जिना चढताना अजून बिजागरीसारखा कुरकुरतो का?) हर्बर्टभावोजींचा खोकला? पर्सी मांजराचा डोळा? समोरच्या मिस पिमचं दुखणं खरंच गेलं, की तुम्ही रागावलात म्हणून नुसतं लपून बसलंय? इकडे तुमचे बंधुराज खुशाल आहेत, नाक तेवढं उन्हानं सोललंय. आमची नात टिली चिप्स खाऊन खाऊन समुद्रावरच्या चेंडूसारखी गोल झालीय.

पोराबाळांना घेऊन समुद्रावर जे जे करतात ते सगळं आम्ही केलं. टिली गाढवावर बसली. (गाढव जागचं हललं नाही, पण बसली.) धक्क्यावरून दोरीला बेकनचं कातडं बांधून खेकडे धरले आणि रीतसर सोडून दिले. त्यातल्या एकानं तुमच्या बंधुराजांचा अंगठा धरला, तो मात्र काही केल्या सोडीना. आइस्क्रीम पक्ष्यानं शंकूसकट नेलं. मग वाळूचा किल्ला करायला बसलो, आणि तिथेच आम्हाला तो शेजार लाभला.

आता आपली रीत तुम्हाला काय सांगायची! वारा अडवायला वाळूत काठ्या ठोकून कापडी आडोसा लावला, की त्याच्या आतलं ते त्या माणसांचं घर. वरून डोकावणं म्हणजे परक्याच्या न्हाणीत डोकावणं. म्हणून शेजारच्या आडोशाच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमागे कोण आहे ते आम्ही पाहिलंच नाही. कपबश्यांची किणकिण आणि एका बाईचं मऊ हसणं तेवढं ऐकू यायचं. ‘वारा बोचतोय, नाही?’ असं मी म्हणायची. ‘उद्या पडेल हो,’ असं पलीकडून यायचं. आणि वन्सं, दुसऱ्या दिवशी पडायचाच. मी फळांच्या केकची बशी आडोशावरून दिली, ती एका हातानं घेतली. बोटं अंघोळीत फार वेळ बसल्यासारखी सुरकुतलेली. मी म्हटलं, असते एकेकाची आवड. बशी स्वच्छ धुऊन परत आली, वर भेट म्हणून एक शिंपला. तो खोलीवर आणून ठेवलाय, आणि त्यातून अजून पाणी झिरपतंय.

काल मोठी भरती आली. सगळ्यांनी चंबूगबाळं आवरलं, पण पलीकडची मंडळी हलेनात. पाणी कापडाला लागलं, चढत गेलं, शेवटी काठ्यांची टोकं तेवढी राहिली.

“अहो, बुडाले की ते!” मी ओरडले.

“हळू बोल, लोक बघतायत,” तुमचे बंधुराज म्हणाले.

आणि पाण्याखालून कपबश्यांची किणकिण येतच होती.

ओहोटीला आडोसा तिथेच, कोरडाठाक. ‘भरती छान झाली, नाही?’ पलीकडून आलं. आम्ही म्हटलं, ‘हो, फारच छान.’ दुसरं काय म्हणणार?

आज मात्र कहर झाला. त्या बाईनं टिलीला गुरुवारी चहाला बोलावलं. “पाणी भरल्यावर पाठवा. आमच्याकडे खेळायला खूप मुलं आहेत. आली की रमतात, परत जायचं नावच काढत नाहीत.” तुमच्या बंधुराजांनी जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नाही. मी चिमटा काढेपर्यंत ते “आभारी आहोत, तिला फार आवडेल” म्हणून मोकळे! टिलीनं विचारलं, पोहायचा पोशाख घालून येऊ का? तर आतून उत्तर आलं, “नको गं राणी, आमच्याकडे पोहावं लागत नाही.”

भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. नकार द्यायचाच असं ठरवून मी पुन्हा गेले, आणि जामची बाटली द्यायचं कबूल करून परत आले. जागा बदलून किनाऱ्याच्या पार टोकाला गेलो, तर निळे-पांढरे पट्टे तिथे आमच्याआधी हजर. घरी पळावं, तर हे पट्टे आपल्या परसात उभे राहणार नाहीत कशावरून? ‘नाही’ हे तोंडावरच म्हणावं लागणार. बाकी हवा उत्तम आहे.

तुमची,
नोरा

ता. क. आता मुद्द्याचं. आपल्या घराण्यात ‘नाही’ म्हणता येणारं माणूस एकच. माझ्या लग्नातल्या केकला तुम्ही ‘दाराला टेकू लावायला बरा’ म्हणालात, ते मी इतकी वर्षं मनात धरून होते. आज त्याच जिभेपुढे हात जोडते. गुरुवारच्या आत निघून या.

ता. ता. क. वन्सं, येऊ नका! पत्र पेटीत टाकायला निघाले होते, वाटेत आडोशापाशी सहज म्हटलं, पाहुणे येणार आहेत. “बेरिल ना? येऊ द्या,” ती बाई म्हणाली. “त्यांची खुर्ची मांडूनच ठेवलीय. उजव्या गुडघ्याला ओल सोसेल ना?” मग भावोजींचा खोकला, पर्सीचा डोळा, मिस पिमचं दुखणं, सगळं विचारलं, मी वर विचारलंय अगदी त्याच क्रमानं. पत्र तर माझ्या पिशवीत बंद होतं, आणि तुमचं नाव मी तिच्यापुढे कधी काढलेलं नाही. तेव्हा तुम्ही घरातच राहा. फक्त एका कोऱ्या कागदावर, तुमच्या त्या टोचऱ्या अक्षरात, मोठ्ठं ‘नाही’ लिहून उलट टपाली धाडा. आडोशावरून तेवढं धरायला मी भिणार नाही. उत्तराला उशीर करू नका, वन्सं. टिलीनं चहाला जायचा फ्रॉक काढून ठेवलाय.