दिपालीची वेणी

प्रिय विजू,

इंदुताई उद्या अंबाजोगाईला निघालीय, तिच्या हाती हे देते. फोनवर बोलता येत नाही तुझ्याशी. तू स्पीकर लावतेस, शेजारी तुझ्या सासूबाई बसलेल्या असतात, मग मी हो ला हो करते आणि फोन ठेवल्यावर मनात चरफडत बसते. काल रात्रीही तसंच झालं. तू म्हणालीस, ‘ताई, इकडचे लोक तयार झालेत, पण फक्त बंटीला. पोरीची जबाबदारी नको म्हणतात. रविवारी न्यायला येते.’ आणि मी म्हणाले, ‘बरं, ये.’ दिवसभर उभं राहून पाय सुजले होते, चार पोरांचं आवरून कंबर मोडली होती. एक कमी होईल, असंच आलं गं त्या क्षणी मनात. हात कामात म्हणून मीही फोन स्पीकरवरच ठेवला होता, आणि दिपाली शेजारीच भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं झोपलीय.

आज सकाळचं काय सांगू. माझी पहिली शिफ्ट, हाताशी नवरा नाही, दिग्विजय रात्रपाळीहून आला नव्हता आणि नळाला पाणी नेमकं आजच. आमच्याकडे महाळुंग्यात ते एक दिवसाआड येतं. हंडे भरायला गेले तर इकडे दूध उतू गेलं. आमच्या छकुलीला रात्रीपासून ताप, कडेवरून उतरायला तयार नाही. बंटीनं अंथरूण ओलं केलेलं, तो तसाच उघडा घरभर फिरत होता. आमच्या गणराजला शाळेची हाफचड्डी सापडेना, म्हणून तो बंटीला बडवत होता. खालून घरमालकीण शालनबाई ओरडत होत्या, ‘आगं तनुजा, पाणी समदं जिन्यावरनं खाली आलंय, नळ बंद कर की!’ कंपनीची बस कोपऱ्यावर दोन मिनिटंसुद्धा थांबत नाही. या महिन्यात आधीच दोनदा चुकलीय.

आणि या सगळ्यात तुझी दिपाली मोरीचं दार लावून आत बसलेली. एरवी तीच माझा उजवा हात. छकुलीला भरवते, बंटीला धुते, पोरांचे डबे भरते. तिसरीतली पोर, पण तुझा ओंकार अपघातात गेला आणि तू या दोघांना माझ्याकडे सोडून गेलीस, तेव्हापासून तिनं कधी हट्ट म्हणून केला नाही. तू दुसरं लग्न केलंस तेव्हाही तिनं एवढंच विचारलं होतं, ‘आईचं नवं घर मोठं आहे का?’ मी म्हणाले, मोठं आहे. ती म्हणाली, ‘मग आम्ही मावू.’

मी दारावर थापा मारल्या. ‘आज तुझ्यामुळं माझी गाडी चुकणार, बाहेर ये आधी!’ कडी निघाली. गणराजची चड्डी तिच्या अंगावर होती, वर त्याचाच शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. आणि डोकं, विजू... मागून पुढून कसंही कापलेलं, कानापाशी कात्री लागून रक्त आलेलं. वेणी मुठीत धरून उभी होती. माझं डोकंच फिरलं. काही विचारायच्या आधी मी तिच्या थोबाडीत मारली.

ती रडली नाही. गालाला हात लावून म्हणाली, ‘मावशी, आता आई मला पण नेईल ना?’

गणराज भांडायचा थांबला. बंटीला काहीच कळलं नाही, तो हसून टाळ्या वाजवत म्हणाला, ‘ताई दादा झाली.’ बाहेर बसचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, आणि गाडी गेली. मी तिथंच ओल्या फरशीवर बसले आणि तिला जवळ ओढलं. पण ती अंग आखडून उभीच राहिली. उत्तराची वाट बघत होती गं.

थोड्या वेळानं दिग्विजय आला. हाच माणूस गेल्या वर्षी म्हणत होता की एका खोलीत सहा माणसं किती दिवस. त्यानं डबाही खाली ठेवला नाही, तसाच तिच्याकडे बघत उभा राहिला. मग तिला दारात उजेडात बसवलं, कानामागची जखम पुसली आणि कात्रीनं सावकाश केस सारखे केले. ती मान खाली घालून बसली होती. काम संपल्यावर माझ्याकडे न बघताच म्हणाला, ‘विजूला कळव. दोघं बी इथंच राहणार.’

म्हणून हे लिहितेय. काल दिलेला शब्द मी मागे घेते. तुझं तिथं काय चालतं ते मला समजतं. एवढ्या कमी वयात एकटी पडलीस, तू संसार मांडलास त्याचा मला राग नाही. पण या दोघांना एकमेकांशिवाय दुसरं कोण आहे? रविवारी येऊ नकोस. दोघांना न्यायची हिंमत झाली की ये, मी स्वतः त्यांचे कपडे भरून देईन. एकट्या बंटीसाठी आलीस तर मी दार उघडणार नाही, तू बाहेर कितीही रडलीस तरी. दिपालीचं विचारशील तर ती सकाळपासून जेवली नाहीये, आणि बंटीला क्षणभरही हाताबाहेर जाऊ देत नाहीये.

तुझीच,
तनुताई