छत्तीसच्या रोलवर चाळीस फोटो

३ जून
मोबाइलमध्ये हजारो फोटो कोंबून एकही पुन्हा न बघणाऱ्या बंधूंनो, तुमचं-माझं बघणंच कुणीतरी चोरलं आहे.
असं मोठ्याने म्हणालो. ऐकायला फक्त बायको. तिने चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.
रोलचा साधा कॅमेरा घेतला. बघा आणि दाबा. निश्चय: रोज एकच फोटो, विचारपूर्वक.

४ जून
स्टुडिओवाला म्हणाला, रोल पुढे सारताना डावीकडची घुंडी फिरते का बघा. तांत्रिक माणसं. दृष्टी नाही.
रोल मीच घातला.

११ जून
आठवड्यात शून्य फोटो. विचार चालू आहे.

२० जून
आमचा छापखाना तीस तारखेला बंद. नोटीस आमच्याकडेच छापली. प्रूफ मीच तपासलं. एक वेलांटी दुरुस्त केली. काही वाटलं नाही.
मशीनवाले मामा म्हणाले, "तुझ्या त्या डब्यात आमचा दोघांचा एक काढ." दोघांचा म्हणजे ते आणि मशीन. चाळीस वर्षं.

३० जून
शेवटचा दिवस. सगळ्यांनी मोबाइल काढले. मी दहा मिनिटं बोललो. सगळ्यांनी मोबाइल खिशात घातले. बाइंडिंगच्या ताई म्हणाल्या, मामांचा एक तरी काढू दे. नाही म्हणालो. तत्त्वाचा प्रश्न.
मामांनी हातांची शाई पुसली, केस विंचरले, मशीनवर हात ठेवून उभे राहिले.
छत्तीसच्या रोलवर चाळीस निघाले. काटकसरीने वापरलं की वस्तू पुरते.

२ जुलै
मशीन भंगारात गेलं. तीन तुकडे करावे लागले. मी फाटकाशी होतो. चहा प्यायलो.

९ जुलै
स्टुडिओवाल्याने कोरी पट्टी उजेडात धरली. म्हणाला, रोलचं टोक चक्रीत अडकवलंच नव्हतं, रोल जागचा हललेला नाही.
"मग चाळीस खटके?"
"खटके ऐकू आले असतील."
प्रकाश कमी पडला असावा.

१२ जुलै
मामांचा फोन. फ्रेम आणायची आहे, आकार काय? म्हटलं, मोठा करून घेतोय, वेळ लागेल.

१९ जुलै
पुन्हा मामा. बायकोने फोन घेतला. मामांनी भिंतीवर खिळा ठोकून ठेवलाय म्हणे. ती मला म्हणाली, "मोठा म्हणजे केवढा?"
स्वतःला सूचना:
उद्या दहाला मामांकडे जा. भाषण नको. फोटो नाही, एवढंच दारातच सांग. कॅमेरा घरी ठेव.