तिसरं कडवं

९ मार्च

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं गाणं इथे सगळीकडे वाजतंय. बसमध्ये, चहाच्या दुकानात, समोरच्या दातांच्या दवाखान्यातसुद्धा. अभिमान वाटतो, हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुला राग येईल.

परवा दोन अनोळखी बायका फुलं घेऊन दारात आल्या. तुझ्या आईचा हात हातात घेऊन रडल्या. मी पाणी आणून दिलं, तर मी गेलेल्यांचा भाऊ का, असं मलाच विचारलं. आईने सांगितलं की गेलेले हेच. त्यांचे चेहरे असे उतरले की मला जिवंत असल्याचा संकोच वाटला. न्हाव्याची बायको तर म्हणे गाण्यातल्या शिंप्यासाठी रोज हळहळते. तो शिंपी दर आठवड्याला तिच्याच नवऱ्याकडे दाढीला येतो, हे त्याने तिला अजून सांगितलेलं नाही.

काल रेडिओवर तुझी मुलाखत ऐकली. बाबा आज असते तर काय म्हणाले असते, असं त्या माणसाने विचारलं. तू गप्प बसलीस. मग त्यांनी गाणं लावलं. ते गप्प बसणं मला कळलं नाही. समजावून लिही.

आईला सगळ्याचं हसू येतंय. मला येत नाही.

तुझ्यावर जीव असलेले,
बाबा

१५ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग हसू गेलं. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तुम्ही दुकान बंद ठेवलंत, तेव्हाचं हे गाणं. कात्री थांबली, मशीनवर कापड अर्धं राहिलं, ही दोन कडवी तुम्ही ऐकलीत. तिसऱ्यात तुम्ही काळा चष्मा लावून खिडकीत बसता आणि रस्त्याने जाणाऱ्यांच्या पँटची शिवण कुठे चुकली ते आईला सांगता. ते रेकॉर्डही झालं होतं. पण निर्माता म्हणाला, गाणं लांबतंय. शिवाय तिसऱ्या कडव्यात माणूस हसतो, आणि हसलेला माणूस गाणं पुन्हा लावत नाही. मला पटलं. प्रसिद्धी बघणाऱ्या बाई म्हणाल्या की आपण खोटं काहीच छापायचं नाही, पोस्टरवर फक्त रिकामी खुर्ची ठेवू, ज्याला त्याला आपापला बाप आठवू दे.

रेडिओवर मी गांगरले, बाकी काही नाही. चार एप्रिलच्या कार्यक्रमाला मात्र येऊ नका. तिथले दिवे तुमच्या डोळ्यांना सोसायचे नाहीत.

आईला नमस्कार. रागावलात तरी अबोला धरू नये, ही विनंती.

तुमची,
टिटवी

२१ मार्च

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

डोळे उत्तम आहेत. आता सुईत दोरा ओवायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तू शेजारी बसली होतीस. दिव्यांचं निमित्त पुढे करू नकोस. मी लोकांच्या नजरेस पडू नये असं त्या बाईंना वाटतं की तुला, एवढंच मला कळत नाहीये.

खुर्चीचंही आठवलं. फोटोग्राफर दुकानात आला तेव्हा तिच्यावर मी बसलो होतो. जरा बाजूला व्हा, म्हणाला. आधी खुर्चीचा काढेल, मग माझा, अशा समजुतीने मी केस विंचरून उभा राहिलो. तो सामान आवरून गेला. तू तिथेच होतीस आणि जमिनीकडे बघत होतीस. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं.

कार्यक्रमाला येणार की नाही, ते कळवत नाही.

तरीही तुझेच,
बाबा

६ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा मी तिसरं कडवं गायले. वादकांना कल्पना दिली नव्हती. ड्रमवाला थांबला, गिटारवाला माझ्याकडे बघत राहिला, फक्त बेसवाल्याने साथ सोडली नाही. पँटच्या शिवणीपाशी कोणीतरी हसलं, मग कुजबुज सुरू झाली. शेवटी मी सांगून टाकलं की माझे बाबा ठणठणीत आहेत आणि कदाचित इथेच कुठेतरी बसलेत. काही लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. काही उठून गेले. मंचावरून पहिल्या रांगेपलीकडचं दिसत नाही. तुम्ही होतात का?

आत गेल्यावर बाई भडकतील असं वाटलं होतं. त्यांनी मला पाणी दिलं.

उत्तराची वाट बघणारी,
टिटवी

९ एप्रिल

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

होतो. शेवटून दुसऱ्या रांगेत. शेजारच्या बाईंचे वडील गेल्या वर्षी गेले. तेव्हा डोळ्यांतून टिपूस आलं नाही, ते तुझ्या गाण्याने आलं, असं त्या मध्यंतरात सांगत होत्या. मी ठणठणीत असल्याचं तू सांगितलंस, तशी त्यांनी रुमालाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि आपल्याला फसवलं, असं म्हणून निघून गेल्या. टाळीसाठी उचललेले माझे हात तसेच राहिले. वाईट वाटलं, तरी घरी येताना मन हलकं होतं. लेक परत मिळाल्यासारखं.

ते सकाळपर्यंत टिकलं. सकाळी तुझ्या गाण्याच्या कंपनीची माणसं आली. पुढच्या कार्यक्रमात मी मंचावर यावं म्हणाली. सोबत पोस्टरांचा गठ्ठा होता, त्यावर ठळक अक्षरांत, बाबा आहेत. जाड कागद, सुबक छपाई. आदल्या संध्याकाळी कार्यक्रम आणि सकाळी गठ्ठा. मी जन्मभर कपडे शिवलेत, घाईचं काम मला ओळखू येतं. हे घाईचं नव्हतं. मी त्यांना वाटेला लावलं.

म्हणून विचारतो. कडवं तू गायलंस, की त्यांनी तुझ्याकडून गाऊन घेतलं? असं तुला विचारायची वेळ याआधी कधी आली नव्हती.

बाबा

१४ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बाईंना जाऊन विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. सरावाच्या वेळी मी तिसरं कडवं गुणगुणत होते, ते बेसवाल्याने ऐकून त्यांच्या कानावर घातलं. म्हणूनच त्याची साथ सुटली नाही. मग त्यांनी दोन पोस्टरं छापून ठेवली. एक तुम्ही असल्याचं, एक नसल्याचं. मी गायले तर पहिलं, नाही गायले तर दुसरं.

मला कोणी काही बोललं नव्हतं, बाबा. मी माझ्या मनाने गायले. पण हे लिहिताना मलाच ते कुणीतरी शिकवून पाठवल्यासारखं वाटतंय. आता तिसऱ्या कडव्यासकट कंपनीने गाणं पुन्हा काढलंय आणि ते आधीपेक्षा जास्त चालतंय. पुढचे कार्यक्रम करणार नाही असं मी बाईंना सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि हे जाहीर केव्हा करू या, असं मला विचारलं.

शनिवारी दुपारी येते. एकटीच. दार उघडाल तेव्हा माझ्या मागे कोणी कॅमेरावाला तर नाही ना, ते आधी बघून घ्या. मला वाईट वाटणार नाही.

आईला नमस्कार. माया जेवढी उरली असेल, तेवढी असू द्यावी.

तुमची,
टिटवी