खडकावरची खोली

मंगळवार, ३ मार्च

प्रिय ताई,

तुझा निरोप पोचला. आम्ही दोघी बऱ्या आहोत, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू श्वास रोखून वाचणार नाहीस. आईचं जेवण सुधारलंय. गुडघे कुरकुरतात आणि तीही कुरकुरते, त्यामुळे काळजीचं कारण नाही.

धक्के थांबले का, असं विचारलं होतंस. थांबले म्हणावं इतके कमी झालेत. मोठा भूकंप झाला की त्याच्यामागून छोटे येत राहतात, आणि दिवसागणिक विरळ होत जातात. पण त्यातला शेवटचा कोणता, हे कधीच कळत नाही. तो येऊन गेल्यावरही नाही. इथे अजून प्रत्येक टेबलावर पाण्याचा अर्धा पेला दिसतो. बँकेत, दवाखान्यात, न्हाव्याच्या आरशासमोरसुद्धा. जमीन हलल्यासारखं वाटलं की बोलणं अर्धवट सोडून सगळे आधी पेल्याकडे बघतात. पाणी स्थिर असलं, तर हललं ते आपलं डोकं. कानातला तोल बिघडलेला असतो, सावरायला वेळ लागतो. आई म्हणते, "पाणी शहाणं आहे, मीच वेडी."

आता घराचं. येत्या सोमवारी ते पाडणार आहेत. दारावर लाल फुली मारून गेलेत, गल्लीच्या तोंडाशी पहारेकरी बसवलाय. घराचा पुढचा भाग भरावाच्या मातीवर होता. खडकातून आलेला धक्का तसल्या मऊ मातीत शिरला की मोठा होतो. पुढच्या भिंतींतून आता हात आरपार जातो. तुझी खोली मात्र जशीच्या तशी उभी आहे. तुला अभ्यासाला म्हणून बाबांनी ती मागे वाढवली, तेव्हा खडक लागेपर्यंत पाया खणायला लावला होता. गवंडी वैतागून म्हणाला होता, "मास्तर, पोरीला खोली बांधताय की किल्ला?" तिथल्या फरशीला एक तडा नाही. तुझं टेबलसुद्धा भिंतीपासून सरकलेलं नाही.

म्हणूनच आमच्या केंद्रातलं फिरतं भूकंपमापक मी तिथे ठेवलं. आम्ही दोघी मैदानावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतो, आणि आई सारखी म्हणायची, आपलं घर अजून हलतंय. म्हटलं, तिला रेघच दाखवते. यंत्रावरची रेघ केंद्रातल्या माझ्या पडद्यावर येते. रिकामं घर, सरळ रेघ.

जेवणाच्या सुट्टीत ती सरळ राहिली नाही.

ताई, आमच्याकडे नवीन माणसाला आधी पावलं ओळखायला शिकवतात. यंत्र इतकं हळवं असतं की बाहेरच्या बोळातून कोण गेलं तेही उमटतं, आणि ते वगळल्याशिवाय जमिनीचं ऐकू येत नाही. प्रत्येकाची चाल वेगळी. बाबा मला डबा द्यायला यायचे, तेव्हा साहेब पडद्याकडे बघून दार उघडायच्या आधीच सांगायचे, "आले बघ दीडपाय." एक ठोका जोरात, मग ओढलेल्या पायाची फरफट. शिडीवरून पडल्यापासूनची त्यांची चाल. बाबाही आत येत म्हणायचे, "साहेब, अर्धा पाय घरी विसरलो, उद्या आणतो."

रिकाम्या घरातून तीच चाल आली. अगदी बारीक, लांबून. पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, आणि परत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा.

मी कुणाला बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जेवण टाकून घराकडे गेले. पहारेकरी खुर्चीत पेंगत होता. आत बाबांच्या चपला घालून, त्यांची काठी टेकत, उजवा पाय ओढत आई चालत होती. वर छत लोंबत होतं.

"आई! आधी बाहेर ये!"

"ओरडू नकोस, भिंत पडेल."

"काय चालवलंयस हे?"

ती शांतपणे चपला काढून हातात घेत म्हणाली, "तुझ्या मशीनला दिसले का ते?"

मी तिच्या हातातली काठी काढून घेतली.

"नुसती पडद्याकडे बघत बसतेस. डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीस. म्हटलं, त्यांना येताना बघितलंस तर रडशील तरी."

मी रडले, ताई. तिथेच, फुली मारलेल्या दारात.

तेव्हापासून मी आईला रोज केंद्रात घेऊन येते. ती माझ्या टेबलाशी विणत बसते आणि साहेबांना चहा कमी करायला सांगते. घराला कुलूप आहे, किल्ली माझ्या गळ्यात.

इथे थांबून पत्र पाकिटात घालणार होते. पण एक गोष्ट राहिलीय, आणि ती सोमवारनंतर तुला सांगण्यात काही अर्थ उरणार नाही.

बाबा अंगणातच वारले, असं आम्ही तुला सांगितलं. ते खरं नाही. आई आणि ते दोघंही सुखरूप बाहेर पडले होते. आईने त्यांचा हात धरला होता. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि तो हात सोडवून घेतला. "ठमी आत आहे," म्हणाले. आई ओरडली, अहो, ठमी केव्हाच गेली हे घर सोडून. त्यांना ऐकू गेलं नाही. "ठमे, बाहेर ये! ठमे!" तू गेल्यापासून त्यांनी तोंडातून न काढलेलं नाव, ताई. तुझ्या खोलीत तर ते पाऊलही टाकत नसत. ते घरातल्या बोळात सापडले, तुझ्या दाराकडे तोंड करून. आणखी चार पावलं पडली असती, तर खडकावर आले असते. तुला आयुष्यभर टोचत राहील म्हणून आई म्हणाली, नको सांगू.

काल जेवणाच्या सुट्टीत आई माझ्यासमोर बसून टाके मोजत होती. किल्ली माझ्या गळ्यात होती. आणि रेघ हलली.

एक ठोका, एक फरफट. पण ही पावलं स्वयंपाकघराकडे गेली नाहीत. यंत्राच्या जवळ येणारं पाऊल पडद्यावर मोठं होत जातं. ही मोठी होत गेली. बोळातून, दारातून. शेवटचं पाऊल इतकं मोठं उमटलं की रेघ पडद्याबाहेर गेली. मग सरळ. मी पेल्याकडे बघितलं. पाणी स्थिर होतं.

साहेबांना दाखवलं. "ऊन चढलं की तडकलेलं घर तापतं, भिंती वाजतात," ते म्हणाले. तसं होतं, मलाही माहीत आहे. पुढे म्हणाले, "आले ब..." आणि थांबले. चष्मा काढून पुसत राहिले. जेवले नाहीत.

आईने विणकाम खाली ठेवून विचारलं, "पोचले का?"

मी संध्याकाळपर्यंत पडद्यासमोरून उठले नाही. ताई, परत जाणारी पावलं आली नाहीत. आजही नाहीत.

सोमवारच्या आधी ते यंत्र मला तिथून उचलायचं आहे. एकटीने त्या खोलीचं दार उघडायची माझी छाती होत नाही. आणि ते दार उघडायचा हक्कही माझा नाही. आत कुणी नसेल. नसेलच. पण ते ज्या नावाने हाक मारत आले, त्या नावाची मी नाही.

रविवारच्या आत ये, ठमे.

तुझी वाट बघणारी,
धाकटी